ओळीशेवटचं बटन

त्या पोरीचा मी पहिल्या दिवसापासून दुस्वास केला, आणि का केला हे मला तेव्हाही नीट माहीत होतं. वय झाल्यावर माणसं 'तेव्हा कळलं नाही' असं म्हणून मोकळी होतात. मला चांगलं कळत होतं. जी जागा माझी होती तिथे ती येऊन बसली होती, आणि मला ती परत हवी होती. बाकी सगळी कारणं मी नंतर जोडली: ती फार हसते, तिचं इंग्रजी नाकातून येतं, ती डब्यातली भाजी न विचारता माझ्या पोळीवर वाढते.

वर्ध्याजवळच्या एका ट्रस्टच्या इस्पितळात मी टायपिस्ट होते. सेवाग्रामचं एवढं मोठं इस्पितळ हाकेच्या अंतरावर असताना आमच्याकडे कोण फिरकणार, असं बाहेरच्याला वाटे. पण देवळीकडचे, पार आर्वी तालुक्यातले लोक आमच्याकडे येत, कारण आमची रांग लहान आणि डॉक्टर ओळखीचे. मी स्वतः देवळीची. बाप कास्तकार, शेतात राबणारा, घरात शिकलेलं कोणी नाही. टायपिंगच्या दोन्ही परीक्षा वर्ध्याला येऊन दिल्या आणि चौऱ्याहत्तर साली नोकरीला लागले. सकाळच्या एस.टी.नं यायचं, संध्याकाळच्या एस.टी.नं परत. लग्नानंतरही तेच, कारण नवराही देवळीचाच मिळाला.

माझं काम रेकॉर्डच्या खोलीत. पेशंट घरी जायला निघाला की डॉक्टर त्याचा सगळा इतिहास एका कागदावर खरडून देत, तो मी इंग्रजीत टाईप करायचा, एक प्रत पेशंटला, एक फळीवर. जुना पेशंट नंबराची चिठ्ठी घेऊन आला की खिडकीतून त्याचं कार्ड काढून देणंही माझ्याकडेच. बारा वर्षांत असे किती कागद माझ्या बोटांखालून गेले कोण जाणे. आणि ते माझ्या डोक्यात राहत. मुद्दाम पाठ केलं नाही कधी, नुसते राहत. प्रत्येक डॉक्टरची लिहिण्याची ढब मला माहीत. एका सर्जनच्या प्रत्येक कागदाच्या शेवटी 'पेशंट स्वतःच्या पायांनी घरी गेला' असं असायचंच, मग ऑपरेशन बोटाचं का असेना. दुसरे एक डॉक्टर पेनिसिलिनच्या स्पेलिंगमध्ये एकच एल घालत, आणि मी टाईप करताना तो दुरुस्त केला तर चिडत.

मग डॉक्टर मंडळी माझ्या खिडकीशी यायची. "बाई, ती विळा लागलेली म्हातारी आठवते का? मी कागदात 'हाडापर्यंत' असं काहीतरी लिहिलं होतं." मी डोळे मिटायचे. तो शब्द कुठल्या कागदात आहे हे शोधत आत फिरायचे, आणि उघडले की सांगायचे, शहात्तरचा उन्हाळा, खिडकीकडून दुसरी रॅक, वरून तिसरी फळी. कागद तिथेच निघायचा. नव्या डॉक्टरांना जुने डॉक्टर सांगायचे, "बाईंना विचारा." पगार बेताचाच होता. मी त्या दोन शब्दांवर जगत होते असं म्हटलं तरी चालेल.

शहाऐंशी साली कॉम्प्युटर आला. कोणा परदेशी डॉक्टरच्या देणगीतून आला, आणि त्याच्याबरोबर त्याच्यासाठी थंड हवेचं मशीनही आलं. वर्ध्याच्या मे महिन्यात माझ्या खोलीत एक पंखा, तोही फिरताना कण्हायचा, आणि ह्या लोखंडी पेटीला माघातली थंडी. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. पेशंट बिचारे देव्हारा समजून बाहेरूनच हात जोडत. मला हसू यायचं आणि संतापही यायचा.

त्या खोलीत ती बसली. नागपूरची, तेवीस वर्षांची, बी.एस्सी. करून वर एक वर्षाचा कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. वर्ध्याला खोली घेऊन राहायची. नेमणूक एका वर्षाची होती. वर्ष संपलं की त्या खोलीसाठी एक कायमची जागा निघणार आणि ट्रस्टची मंडळी ती कोणाला द्यायची ते ठरवणार, हे मोठ्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. मोठे डॉक्टर म्हणजे आमच्या इस्पितळाचे प्रमुख. त्यांनी हे सांगताना माझ्याकडे पाहिलं, असं मला वाटलं. तिला वाटलं असेल तिच्याकडे पाहिलं.

सगळे जुने कागद त्या यंत्रात भरायचे होते, आणि टाईप करायला मीच. म्हणजे बारा वर्षं मी डोक्यात साठवलेलं सगळं स्वतःच्या हातानं तिच्या पेटीत ओतायचं. दुपारी दोन ते पाच ती शेजारी, मी कीबोर्डवर.

टाईपरायटरवर ओळ संपत आली की घंटी वाजते. सात-आठ अक्षरं उरलेली असतात, शब्द पुरा करायचा आणि डाव्या हातानं गाडा ढकलायचा की पुढची ओळ. बारा वर्षांनी ती घंटी कानात बसते. यंत्राला घंटी नव्हती तरी मला ती ऐकू यायची, आणि हात आपोआप ओळ बदलायच्या बटनावर पडायचा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिनं ते पाहिलं.

"ताई, ओळ संपली का ते बटन दाबाची गरज नाई बरं," ती म्हणाली. "ते आपोआप खाली येते. परिच्छेद संपला का मंगच दाबजा."

किती साधी गोष्ट. कोणी दुसऱ्यानं सांगितली असती तर मी ऐकली असती. पण मला टायपिंग शिकवायला ही कालची पोर? माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"माह्या हातानं बारा वर्षं कागद निघून राह्यले," मी म्हटलं. "अजून कोनाची तक्रार आली नाई."

"तसं नाई वो ताई."

"मंग कसं?"

ती नेहमीसारखी हसायला लागली. मी ते बटन दाबत राहिले. आधी सवयीनं दाबत होते, आता दर ओळीला मुद्दाम, जरा जोरात. तिनं पुन्हा कधी पाहिलं नाही. तिला वाटलं असणार की मी ऐकलं.

दोन-तीन महिन्यांत बरेच कागद आत गेले आणि एक दिवस सर्जन माझ्या खिडकीशी आले. त्यांना बैलानं शिंग मारलेली एक केस हवी होती. मी डोळे मिटले. माझ्या डोळ्यांपुढे तो कागद यायलाच लागला होता, तेवढ्यात मागून तिचा आवाज आला, "सर, एक मिनिट." सर्जन तिच्यामागे गेले. मीही गेले, चपला काढून. तिनं दोन तिरप्या रेघा काढल्या, मधे बैल आणि शिंग ह्यांचे इंग्रजी शब्द घातले, आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत तीन कागदांचे नंबर उतरले. मला एकच आठवत होता. उरलेले दोन मीच टाईप केलेले होते, आणि ते मला आठवले नव्हते.

सर्जन म्हणाले, "वा." तिला म्हणाले. त्या दिवशी मी डबा न खाता परत नेला.

तिचा स्वभाव असा की जिंकल्यावर शत्रूलाही शेजारी बसवून घ्यावं. दुसऱ्याच दिवशी ती मला ते शिकवायला लागली. त्या भाषेचं नाव ऑक. मला ते घशात काही अडकल्यासारखं वाटे आणि मी तसं बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, दोन तिरप्या रेघांच्या मधे जे लिहू ते यंत्र प्रत्येक ओळीत शोधतं. मधे ठिपका घातला तर तिथे कोणतंही एक अक्षर चालेल. ठिपक्यापुढे चांदणी घातली तर मधे काहीही, कितीही येऊ दे, अलीकडचा आणि पलीकडचा शब्द जुळला की झालं. पेनिसिलिनमध्ये एक एल असो की दोन, दोन्ही सापडतील असंही लिहिता येतं.

"समजलं का ताई?"

समजलं होतं. पहिल्या वाक्यालाच समजलं होतं, आणि खरं दुखणं तेच होतं. एक एल लिहिणारे डॉक्टर, दोन एल लिहिणारे डॉक्टर, हा शब्द आणि तो शब्द, मधे काहीही. बारा वर्षं डोळे मिटून मी दुसरं काय करत होते? फक्त मला त्या दोन तिरप्या रेघा कोणी दिल्या नव्हत्या. तिला नागपूरला फी भरून मिळाल्या.

"नाई समजलं," मी म्हटलं. "आमच्या वयाले नाई जमत हे." मी तेव्हा छत्तीस वर्षांची होते.

घरी मी तिच्याबद्दल इतकी बोलायचे की नवरा वैतागला. जेवताना म्हणायचा, "आज का घातलं होतं तिनं? निळी साडी का पिवळी?" मी ताट सरकवलं की म्हणायचा, "अवं, तुले त्या पोरीचंच याड लागलं. माह्याबद्दल एवढं कधी बोलली नाई तू." गमतीत म्हणायचा, पण मला झोंबायचं, कारण मला तिच्या साडीचा रंग दर वेळी सांगता येत होता.

तिचं वर्ष संपत आलं तेव्हा इस्पितळात एक प्रकार घडला. पेनिसिलिनची सुई दिल्यावर एक माणूस बाकावरून खाली कोसळला. ओठ सुजले, श्वास लागेना. डॉक्टरांनी धावपळ करून त्याला वाचवलं. नंतर पाहिलं तर त्याच्या जुन्या कागदात स्पष्ट लिहिलेलं होतं की त्याला हे औषध मानवत नाही. जुने कागद उघडून वाचतो कोण? सुईच्या आधी थोडंसं औषध कातडीखाली टोचून पाहायची पद्धत होती, पण गर्दीच्या दिवशी, त्यातून आधी सुया घेतलेला माणूस असला की ते राहून जाई.

मोठ्या डॉक्टरांनी आम्हा दोघींना बोलावलं. ज्या ज्या पेशंटच्या कागदात पेनिसिलिनची रिअ‍ॅक्शन लिहिली आहे त्या सगळ्यांची यादी करायची आणि त्यांच्या कार्डांवर लाल शिक्का मारायचा. शिक्का दिसला की सुई नाही.

तिनं वीस मिनिटांत यादी काढली. पेनिसिलिन, मधे काहीही, रिअ‍ॅक्शन. छापलेला कागद फाडून मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. दोन दिवसांत शिक्के मारून झाले. शिक्के मारायचं काम माझं.

मी माझी यादी वेगळी केली. कोणी सांगितलं नव्हतं. एस.टी.त बसल्या-बसल्या डोळे मिटून केली, आणि सकाळी लवकर येऊन फळीवरच्या कागदांशी ताडून पाहिली. तिच्या यादीत काही नावं होती जी मला आठवली नव्हती. पण माझ्या यादीत तीन नावं होती जी तिच्याकडे नव्हती.

ती जेवायला गेली असताना मी ते तीन कागद यंत्रावर उघडले. कारण पाहायला दोन मिनिटंही लागली नाहीत. तिन्हीत पेनिसिलिन हा शब्द ओळीच्या अगदी शेवटी होता आणि रिअ‍ॅक्शन पुढच्या ओळीच्या सुरुवातीला. मधे मी बटन दाबलं होतं. यंत्र एका वेळी एकच ओळ वाचतं. ह्या ओळीत त्याला अर्धं सापडलं, ते पुरेसं नव्हतं, पुढच्या ओळीत गेलं तर मागचं विसरलं होतं.

मला आनंद झाला. लाज वाटायला हवी होती, ती पुढे वाटली. त्या क्षणी मला इतका आनंद झाला की थंड खोलीत घाम आला. जे यंत्राला जमत नाही ते मला जमतं, ह्याचा पुरावा माझ्या हातात होता.

ट्रस्टची बैठक पुढच्या शनिवारी होती. त्यात कायमच्या जागेचं ठरणार. त्या बैठकीत आम्हा दोघींनाही बोलावणार होते. मी मनात सगळं रचलं. आधी तिला तिच्या यादीबद्दल सांगू द्यायचं. मोठे डॉक्टर मान हलवतील. मग मी माझा कागद पुढे करायचा आणि शांतपणे म्हणायचं, "ह्याच्यात तीन नावं कमी आहेत." मी आरशासमोर ते म्हणूनही पाहिलं. नऊ दिवस थांबायचं होतं, बस. तिघांपैकी एक जण गाव सोडून गेल्याचं मला माहीत होतं, दुसरा म्हातारा, तिसरी रोहण्याची बाई, पाच वर्षांत फिरकली नव्हती. नऊ दिवसांत कोण येतंय?

बैठकीच्या दोन दिवस आधी, गुरुवारी, ती बाई आली.

खिडकीतून एक जुनी चिठ्ठी आत आली. पायाला फडकं बांधलेलं, एका पायावर सगळा भार.

"पायात पऱ्हाटीचं धसकट गेलं वो बाई," ती म्हणाली, म्हणजे रानात उरलेला कपाशीचा खुंट. "चार दिवस झाले. आता पाय टेकवत नाई."

मी चिठ्ठीवरचा नंबर पाहिला. माझ्या यादीतला होता. कार्ड काढलं. कोरं कार्ड, लाल शिक्का नाही. शिक्का माझ्याच टेबलावर होता, शाईच्या डबीशेजारी. उचलून मारायला एक क्षण पुरला असता. पण मारला असता तर शनिवारी माझ्याजवळ दोनच नावं उरली असती, आणि हे नाव कुठून आलं असं कोणी विचारलं असतं तर सगळं आधीच सांगावं लागलं असतं. हा सगळा हिशेब मी कार्ड हातात धरून केला. मनात म्हटलं, इंजेक्शनच्या खोलीतली सिस्टर टोचून पाहीलच. मनात म्हटलं, पायाला मलमपट्टीच करतील. तेव्हाच ती पोर माझ्या मागच्या रॅकमधून काही कागद काढत होती. मला तिची चाहूलसुद्धा नकोशी झाली.

मी कार्ड दिलं. "सरळ जाजा, उजवीकडे," म्हटलं.

बाई लंगडत गेली. मागच्या चार-पाच जणांना मी कार्डं दिली, मग एकाची चिठ्ठी हातात घेतली आणि तिच्यावरचा नंबर मला वाचताच येईना. अक्षरं चांगली ठळक होती. मी ती तीनदा पाहिली. मग उठले आणि पळाले.

बारा-तेरा वर्षांत त्या व्हरांड्यात मी कधी पळाले नव्हते. लोक बाजूला होत होते. डॉक्टरांनी तिला आधीच पुढे पाठवलं होतं. इंजेक्शनच्या खोलीत ती बाई बाकावर बसली होती, दंडावरची चोळीची बाही वर केलेली, आणि सिस्टर सुई उजेडात धरून हवा काढत होती.

"थांबा," मी म्हटलं. "तिले पेनिसिलिन नाई द्यायचं."

"काऊन? कार्ड तं कोरं आहे."

"कागदात आहे. मले माहीत आहे."

सिस्टरनं सुई ट्रेमध्ये ठेवली. मी त्या बाईशेजारी बाकावर बसले. ती मला म्हणाली, "मागच्या खेपी सुई घेतली तं मी पडलीच होती नं बाप्पा. सारं अंग सुजलं होतं. पण आता कोनी इचारलंच नाई, तं म्या कायले सांगू?"

संध्याकाळपर्यंत सगळ्या इस्पितळात झालं, बाईंनी पेशंट वाचवला. मोठे डॉक्टर स्वतः खिडकीशी आले. मी त्यांना तिन्ही नावं सांगितली. कधीपासून माहीत होती ते त्यांनी विचारलं नाही. एवढी नावं आठवणीतून निघाली ह्याचंच त्यांना कौतुक. पोर मात्र त्या रात्री उशिरापर्यंत थांबली आणि दुसऱ्या दिवशी तिनं कारण शोधून काढलं होतं.

शनिवारच्या बैठकीत मला काहीच बोलावं लागलं नाही. ती उभी राहिली आणि म्हणाली, "चूक माझी आहे. यंत्र एका वेळी एकच ओळ पाहते. दोन शब्द दोन ओळींत गेले तं काय, हा विचार मी केला नाही. ताईंना आठवलं नसतं तर ती बाई गेली असती." मी खाली मान घालून ऐकत होते आणि वाट पाहत होते. आता म्हणेल, बटन दाबू नका असं मी सांगितलं होतं. आता म्हणेल. ती बसली. तिनं ते म्हटलंच नाही. माझ्या बाजूनं बोलायला मला काही ठेवलंच नाही तिनं, आणि ह्याचाही मला राग आला.

कायमची जागा मला मिळाली. मला ऑक येत नाही म्हणून तिची मुदत महिनाभर वाढवली, मला शिकवायला. जे मला केव्हाच समजलं होतं ते मी पुन्हा हळूहळू शिकण्याचं नाटक केलं. पुढे नाटक विसरले आणि खरंच शिकले. बोटं भराभर चालायला लागली तेव्हा ती म्हणाली, "ताई, तुमाले तं सारं येते." तिनं नवा प्रोग्रॅम लिहिला. तो प्रत्येक ओळ मागच्या ओळीच्या शेपटीला जोडून मग शोधायचा, म्हणजे ओळ कुठेही तुटली तरी काही सुटणार नाही. अशा प्रोग्रॅमला काहीतरी नाव द्यावं लागतं, ते टाईप केलं की तो चालू होतो. तिनं माझं नाव दिलं. आडनाव नाही, माझं घरचं नाव, इंग्रजी लहान अक्षरांत.

मोठ्या डॉक्टरांना ते फार आवडलं. मला घशाखाली उतरलं नाही, पण मी हसले.

तिला पुण्याला नोकरी लागली. जायच्या दिवशी मी तिला वर्ध्याच्या स्टँडवर पोचवायला गेले. का गेले, तर इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिच्यासमोर मला मोकळं वाटत होतं. ती जाणार होती, जागा माझी होती, आता सांगून टाकलं तरी काही जात नव्हतं. आधी ती घरी जाणार होती. तिची नागपूरची गाडी लागली. तिनं सूटकेस आत ठेवली आणि खिडकीशी बसली. मी खाली उभी राहून म्हटलं, "ते तीन नावं मले आठ दिवस आधीपासून माहीत होते. मी कोनाले सांगतलं नाई. बैठकीत तुले खाली पाडाचं होतं म्हणून."

ती हसली नाही. म्हणाली, "माहीत आहे ताई."

"कसं?"

"तुमी त्या बाईले कार्ड देऊन राह्यल्या होत्या तवा मी मांगं उभी होती. कार्ड हातात घेऊन तुमी थांबल्या. खूप वेळ थांबल्या. तवा मले समजलं नाई. रातच्याले ते कागद पाह्यले, मंग समजलं."

कंडक्टरनं घंटी दिली. मी घाईनं विचारलं, "मंग त्या प्रोग्रॅमले माहं नाव काऊन देलं?"

"थांबल्या होत्या," ती म्हणाली, "पण मंग पळाल्या बी नं."

गाडी निघाली. तिनं हात हलवला आणि मला तो परत हलवायचं सुचलं नाही. मी तिथेच उभी राहिले आणि मला जे वाटलं ते पश्चात्तापापेक्षा जुनं आणि ओळखीचं होतं. मला तिचा हेवा वाटला. आधी वाटत होता त्यापेक्षा जास्त वाटला. तिच्या जागी मी असते तर हे गुपित मी बैठकीत सगळ्यांसमोर उघडं केलं असतं, आणि ते करताना माझा आवाज चढला असता, हे मला पक्कं माहीत होतं. ऑक मला शिकता आलं. हे शिकायला कुठे जायचं ते कोणी सांगितलं नाही.

सोमवारी सर्जन आले आणि म्हणाले, साप चावलेल्यांची यादी काढून द्या. मी थंड खोलीत बसले आणि सगळ्यात आधी माझं नाव टाईप केलं. निवृत्त होईपर्यंत दिवसातून पाच-सहा वेळा मला ते टाईप करावं लागलं, आणि ते तिनं दिलेलं आहे ह्याचा एकदाही विसर पडला नाही.